दाब आणि सोड

सिव्हिलच्या दुसऱ्या मजल्यावर, सतरंजीवर
आठ जण निजलेत ओळीनं :
हात नाहीत, पाय नाहीत, कमरेपाशी संपलेले.
डॉक्टर तस्नीम अत्तार म्हणतात,
"घाबरू नका, यांना दुखत नाही."
पेठचा भिका गावित तरी हळूच वाकतो,
खांदे थोपटतो, "ओ दादा, ऐकू येतंय का?"
सगळे हसतात.
तो हसत नाही.

छातीच्या मधोमध तळहाताची टाच,
कोपर ताठ, भार खांद्यातून.
पुरेसं खोल गेलं की आत टक वाजतं.
माझं वाजतं, पण दिवा लाल.
सव्वीस वर्षं सलाइन लावणारे हे हात,
लाइट गेली तरी बाळाची शीर सापडते यांना.
"सिस्टर, दाबताय छान,
सोडत नाही आहात.
छाती पूर्ण वर येऊ द्या,
हृदय भरतं ते सोडण्यात."

सोडण्यात.

हे आधी सांगितलं होतं कुणी तरी,
तांबट आळीतल्या ओट्यावर
हंड्याचं पोट मठारताना :
"हातोडा मारायचा नसतो गं, पडू द्यायचा.
आणि उचलताना कंजूषी नको,
तांब्याला श्वास घेऊ दे."

त्याच ओट्यावर अण्णा कलंडले, एका मंगळवारी.
कुणी कांदा हुंगवला, कुणी तळपाय चोळले,
कुणी रिक्षा आणायला पळालं.
छातीला हात लावला नाही कुणी,
आणि अख्ख्या आळीचं पोट
ठोक्यांवर चालायचं.
एकेक हातोडा थांबत गेला.
मी नववीत होते.
आळी इतकी गप्प
त्याआधी ऐकली नव्हती.

"मोजा, सिस्टर. मोठ्यानं."
एक, दोन, तीन,
मिनिटाला शंभराच्या वर,
म्हणजे पातळ पत्र्याची चाल, ती येते मला,
अकरा, बारा,
नाकाच्या शेंड्यावरून घाम त्या रबरी छातीवर,
तीस. दोन श्वास. पुन्हा एक.
दिवा हिरवा झालाय, कुणीतरी सांगतं.
दोन मिनिटं झाली, माणूस बदला, तेही सांगतात.
मी उठत नाही.
भिका शेजारी गुडघे टेकतो,
"ताई, आता मी."

चहाच्या वेळी तो विचारतो,
"कोटंबीच्या घाटात गाडी वळणांवर,
मागं मी एकटाच,
तर किती वेळ करायचं?"
डॉक्टर कपात बघतात.
"कुणी येईपर्यंत," म्हणतात.
मग, "किंवा हात संपेपर्यंत."
भिका अर्धं बिस्कीट बशीत ठेवतो
आणि वहीत लिहून घेतो.