सामायिक

सराफ्यात तीनला पोचले, स्टूल मागितलं.
पाटीवर अजून खरवडीकर बंधू.
आत मधोमध प्लायवूड,
डावीकडे मोरेश्वर, उजवीकडे त्र्यंबक,
चहावाला आला की दोनदा हाक मारतो.

यंत्र मात्र एकच,
कारण तिजोरीची खोली एकच,
ती कापता आली नाही.

"वाटणी करून द्या," मोठे म्हणाले.
पुस्तिकेतही शब्द तोच आहे, पार्टिशन.
मी मान खाली घालून स्क्रू शोधत राहिले.

एरिया एक: झोन एक ते सहा.
शटर, काउंटर, काचेची कपाटं, खिडकी,
छताजवळचा डोळा
ज्याला माणूस दिसत नाही, फक्त ऊब.
एरिया दोन: सात ते अकरा.
त्र्यंबकरावांनी बोटांवर मोजले.
"त्याला सहा, मला पाच?"
तुमच्या बाजूला खिडकी नाही, म्हटलं.
"हो. ती पण तिकडेच गेली."

आत शिरल्यावर कोड टाकायची मुदत
मोठ्यांनी तीस सेकंद सांगितली, ठणकावून.
मी त्यांना एकदा शटरपासून चालायला लावलं:
दोन पायऱ्या, गुडघा, खिशातला चष्मा,
दुसऱ्या खिशातला चष्मा.
एकेचाळीस.
मी पंचेचाळीस भरले. बोलले नाही.

आणि ओटा.
रात्री नऊनंतर ओटा दुकानाचा नसतो.
शटर पडतं, घीसालाल कढई मांडतो,
दोन वाजेपर्यंत भुट्ट्याचा कीस,
पाठ शटरला.
कंपनाच्या सेन्सरला ती पाठ कशी कळावी?
आठवरून पाचवर आणला. मग तीनवर.
घीसालालला म्हटलं, टेका.
तो टेकला, फोटो काढून घेतल्यासारखा ताठ.
"दीदी, हिलूं?"
हिला. जीरावन कुटा. रोज करता तसं करा.
त्यानं कुटलं. यंत्र गप्प.
मग मी हातोडीनं एकदा ठोकलं
आणि अख्खी गल्ली दुकानात आली.

उरला मधला जिना, तिजोरीची खोली.
हे कुणाच्या एरियात?
दोघांनी एकमेकांकडे न बघता
माझ्याकडे बघितलं.

त्रेचाळिसाव्या पानावर सोय आहे.
तिसरा एरिया, सामायिक.
त्याला स्वतःचा कोड नाही.
दोन्ही बाजू बंद झाल्या की तो बंद होतो,
आपला आपण.
एक जरी उघडी असली, तर जागा.

"म्हणजे तो गेल्याशिवाय लागणारच नाही?"
नाही.
"आणि मला कसं कळणार, तो गेला?"
हा तांबडा दिवा लागेल.
त्यांनी दिवा बघितला, विझलेलाच,
बराच वेळ.

शेवटी कोड.
अशा वेळी आम्ही पाठ फिरवतो.
मोठ्यांची चार बोटं, चार टिकटिक, एक हिरवा सूर.
मग धाकटे आले. चार टिकटिक, न थांबता,
हाताला पाठ असलेले आकडे.
यंत्रानं लांब बीप दिली.
पुन्हा टाकले. पुन्हा बीप.

"बिघडलंय."
नाही, म्हटलं. हा कोड
आधीच कुणीतरी घेतलाय.

प्लायवूडपलीकडे वजनकाट्यावर काहीतरी वाजलं.
आकडे कुठले, मला माहीत नाही.
कुणाची तारीख असेल, घराचा जुना नंबर,
शाळेत दोघांनी मिळून चालवलेल्या सायकलचा.
विचारायचं नसतं.

त्र्यंबकराव किपॅडसमोर उभे.
"बरं," म्हणाले. "राहू दे त्याच्याकडे."
आणि नवे आकडे टाकले, एकेक, शोधत शोधत,
मुदत संपायला आली तेव्हा चौथा.

साडेआठला बिल अर्धं अर्धं मिळालं,
पन्नास रुपये कुणाच्यातरी अर्ध्यात कमी.
ओट्यावर उभी राहून मी कीस खाल्ला, लिंबू जास्त.
आधी डावी बाजू अंधारली. दिवा लागला नाही.
मोठे पायरी उतरले, चपला शोधू लागले.
चपला पायातच होत्या.