कोणता मोठा वाजतो

एम.जी. रोडवर आमचं दुकान म्हणजे
दोन शटरांमधली फट.
तिच्यात मी, एक स्टूल
आणि भिंतभर लटकलेले कान.

गांगुर्डे आले मंगळवारी, दुपारच्या सुस्तीत.
सातपूरला एकोणतीस वर्षं पॉवर प्रेसवर होतो
हे त्यांनी रस्त्यावरूनच सांगितलं,
चार दुकानांना कळेल असं.
"ताई, कोणता मोठा वाजतो?
बिनवायरचा का वायरचा?"

तपासणीला आमच्याकडे एकच तुकडा,
तबल्याचा, दीड मिनिटाचा, शेठनी ठरवून दिलेला.
दिवसातून चाळीसदा ऐकते.
त्यातली सम आता माझ्या गुडघ्यात पडते.

आधी इअरबड्स. डबी उघडली, निळा दिवा,
चण्याएवढे दोन दाणे
त्यांच्या कानात बसेचनात.
रबर बदललं. त्याहून मोठं लावलं.
पट्टी पार शेवटाला सरकवली.
फोन म्हणाला, याच्या वर कानांना धोका.
मी 'ठीक आहे' दाबलं.
गांगुर्डे भिंतीकडे बघत राहिले.

मग वायरचे, तीनशे वीसवाले, वाटीसारखे.
तोच तबला, तीच पट्टी.
मला काउंटरच्या अलीकडे ठेका ऐकू येत होता,
शेजारच्या स्क्रीनगार्डवाल्या मुनाफनं मान डोलवली.
"हाच मोठा, काका. ह्याला थेट करंट मिळतो."
खरं की खोटं, शेठ असंच सांगायला लावतात.

"मोठा आहे," ते म्हणाले. "पण तिच्याएवढा नाही."
कोण ती?
त्यांनी कानशिलापाशी बोट गोल फिरवलं.
शिट्टी. दोन हजार अकरापासून.
प्रेस थांबला, जेवणाची सुट्टी झाली, रिटायर झालो,
ही आपली ड्यूटीवरच.
"तिच्यावर चढेल असं काही दाखवा."

मी खोका उलटसुलट करून वाचला.
बास लिहिला होता, बॅटरी लिहिली होती,
पाण्यात पडला तर काय, तेही होतं.

आवरायचं म्हणून पिन काढली, वायर गुंडाळायला ओढली.
हेडफोन अजून त्यांच्या डोक्यावर.
वायर शर्टाच्या बटणावरून खरखरत गेली
आणि ते दचकले.
"हे काय वाजलं?"
मी पुन्हा घासली.
"हां. हे. हे येतंय आत."
मग स्वतःच चिमटीत धरून
ओढत राहिले बटणावरून,
खिशाच्या शिवणीवरून,
पेनच्या टोपणावरून.
पिन खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली.

तीनशे वीसचे दोनशे ऐंशी केले.
पिशवी नको म्हणाले. डोक्यावर घालूनच निघाले
मेनरोडच्या दिशेनं, वायर बोटांत.
मागून रिक्षावाला हॉर्नवर हात दाबून बसला होता.
ते बाजूला झाले नाहीत.

रात्री नाशिकरोडच्या बसमध्ये
मी माझे इअरबड्स घातले. लावलं काहीच नाही.
द्वारका गेलं, उपनगर गेलं.
बिटकोला उतरेपर्यंत ऐकत होते,
आत कुणी कामाला लागलंय का.