तळटीप एकेचाळीस

अट अशी: लेखक ओळखू येता कामा नये.
नाव काढलं. राजारामपुरी, सहावी गल्ली काढली.
आभारातले मुल्लाणी गेले,
कसबा बावड्याच्या कोर्टात
जेवणाची सुट्टी मोडून नकला देणारे.

मर्यादा आठ हजार. माझे बारा शब्द जास्त.
पूररेषेच्या प्रकरणात, तळटीप एकेचाळीस,
चिखलीच्या आक्काताई चौगुले बोलतात
ते नेमके बारा:
"पाणी आलं तवा सातबारा डब्यात,
डबा माळ्यावर, माळा पाण्यात.
नोटीस कुनाला लावतायसा?"

कर्सर तिथंच लुकलुकत राहिला.

मग पहिल्या पानापासून
‘तथापि’ शोधत गेले. अकरा निघाले सहज.
बारावा निघताना
युक्तिवाद जरा लंगडला.
लंगडू दे.
पहाटे चारला पाठवला,
माझ्या नावाशिवाय, तिच्या नावासकट.