विनंती थांबा

ऑक्टोबर संपता संपता
अरबी समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा,
आणि इथे चाळकेवाडीच्या पठारावर धुकं असं
की पवनचक्कीचं पातं दिसत नाही,
नुसतं डोक्यावरून जातं,
हुप्प... हुप्प...
कुणी ओली सतरंजी झटकावी तसं.

मुजावर पुढे, मी मागे.
अठ्ठावीस वर्षं सातारा-पाटण गाडीवर कंडक्टर असलेला माणूस
अजूनही पाय फाकवून उभा राहतो,
जमीन कधीही ब्रेक मारेल म्हणून.

दुर्बिणीच्या काचा धुरकटलेल्या.
ओढणीने पुसल्या, ओढणी ओली.
रुमालाने पुसल्या, रुमालही तसाच.
मग मुजावरांनी खिशातून काढला
जुन्या बनियनचा कोरडा तुकडा,
दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला,
खास याच कामासाठी.

तेवढ्यात जांभळीच्या खालच्या फांदीवर
काहीतरी तपकिरी.
शेपूट उभी केली, खाली घेतली.
पुन्हा उभी. बुडाशी दोन पांढरे डाग.

माशीमार, हे नक्की. पण कुठला?
लाल गळ्याचा तर दर हिवाळ्यात येतो,
आमच्या कॉलनीतल्या शेवग्यावरही बसतो.
दुसरा, काश्मीरचा,
त्याचा रंग गळ्यावर थांबत नाही, खाली उतरतो,
आणि कडेने काळी रेघ
काजळ ओघळल्यासारखी.
ती रेघ पाहायची होती. एवढंच.

धुकं आलं, फांदी गेली.
धुकं सरलं. फांदी आहे, पक्षी नाही.
मी म्हणाले, आज सर्दीशिवाय काही मिळायचं नाही.
मुजावरांनी ओठांवर बोट ठेवलं.

कट्.
कट्-कट्.
मागोमाग बारीक घरघर.

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलला.
"आमचं जुनं पंचिंग," ते पुटपुटले,
"तिकिटाला भोक पाडायचं."

आणि तो वळला.
तीन सेकंद, कमी असतील, जास्त नाहीत.
सगळी छाती विझत्या निखाऱ्याची,
आणि रेघ.
डाव्या बाजूला तरी नक्की.
उजवी बाजू मी पाहिलेली नाही.

ओल्या कागदावर शाई फुटत होती
म्हणून पेन्सिलीने लिहिलं:
काश्मिरी माशीमार, नर, एक. धुकं. डावी बाजू.

मुजावरांनी वाचलं, पेन्सिल मागितली
आणि वेबिलाच्या त्या तिरक्या अक्षरात
खाली भर घातली:
काश्मीर ते लंका.
चाळकेवाडी, विनंती थांबा.
उतरले, एक.
चढले,

तिथली जागा कोरी ठेवून
वही मला परत दिली.