कपाळावर चार बाइट

ग्रिम्सबीच्या गोदीत पहाटे साडेतीनला
लिलावाचे पडदे गोठले.
हॅडॉकच्या पेट्या बर्फात, भाव अधांतरी,
आणि मी घरून स्विचला विचारतेय, आहेस का?
आहेस का?
आहेस का?

गाडीची काच खरवडून गेले.
कपाट उघडलं तर अठ्ठेचाळीस हिरवे दिवे
एकाच लयीत लुकलुकत होते.
एरवी ते आपापलं बोलतात, कुणी भरभर, कुणी अडखळत.
सगळेच एका दमात बोलायला लागले
की समजावं, कुणी काहीच सांगत नाहीये.

तशी दवंडी वाईट नसते.
नवा प्रिंटर येतो, त्याला कुणी ओळखीचं नाही,
तो साऱ्या आळीला ओरडून विचारतो:
दहा-एक-शून्य-बावीस कोण? मला सांगा.
सगळे कान टवकारतात, ज्याचा नंबर नाही तो गप्प,
ज्याचा आहे तो फक्त त्याच्याच कानात पत्ता सांगतो.
प्रश्न चव्हाट्यावर, उत्तर कानात.
मला हा रिवाज आवडतो.

पण तारेची दोन्ही टोकं भिंतीतच गेली
तर दवंडीवाला एका वेशीतून निघून
दुसऱ्या वेशीतून आतच येतो,
आणि दर फेरीत प्रत्येक दारावर नवी थाप.
राउटरमधून जाणाऱ्या पाकिटाला निदान
आयुष्य मोजून दिलेलं असतं, मुक्कामागणिक एक कमी.
आत फिरणाऱ्या या फ्रेमला
मरणाची तारीखच नाही.

तार खोचली होती कँटीनच्या बेरिलनं.
"लोंबत होती, पोरी. कुणी पाय अडकून पडलं असतं."
तिला काय बोलणार?
चूक माझी होती, दोन वर्षांपूर्वीची,
शुक्रवारची, घरी जायच्या घाईतली.
स्विचचा स्वतःचा पत्ताही मी व्हीलॅन एकमध्येच ठेवला,
वजनकाटे, गल्ले, कँटीनचा टीव्ही, सगळ्यांच्या पंगतीत.
म्हणून प्रत्येक हाळीला त्यालाही मान वर करावी लागली,
मी नव्हे, मी नव्हे, मी नव्हे,
आणि त्यात माझी हाक कुठली ऐकू जायला.

तार उपसली.
दिवे सुटे झाले. बाहेर कुणीतरी शिंकलं, ते ऐकू आलं.

इचलकरंजीला बाबा जॉबर होते.
शेडमध्ये चाळीस माग, कानाशी ओरडलं
तरी नुसते ओठ हलायचे.
म्हणून सगळे बोटांनी बोलत:
अंगठा आडवा, ताणा तुटला.
दोन बोटं, कांडी संपली.
मूठ, बंद कर.
तोच उजेड, तीच सुताची धूळ,
पण खडखडाटाला त्या बोटांपर्यंत पोचता येत नव्हतं.
डबा घेऊन मी दारात दिसले
की त्यांची एक खूण असायची, माझ्यापुरती.
ती इथे सांगत नाही.

सहाच्या सुमाराला व्हीलॅन नव्वद काढला.
त्यात फक्त स्विच आणि मी.
गोदामागोदामांतून तार तीच जाते,
पण प्रत्येक फ्रेमच्या कपाळावर चार बाइटांचा टिळा:
हिनं अमक्याच घरी जावं, भलत्या दारात शिरू नये.
छातीठोक सांगत नाही.
पूर आला तर ट्रंक तुंबेल, नव्वदही अडकेल,
म्हणून लूप धरणारा पहारेकरी बसवला,
दवंडीला सेकंदाची मोजणी लावली,
आणि कपाटाच्या दारावर चिठ्ठी डकवली:
लोंबणारी तार लोंबू द्या.
खाली बेरिलनं स्वतःच्या हातानं लिहिलं, सॉरी.

चहा तिनंच दिला, न विचारता दोन चमचे साखर.
एका हातात कप धरून मी पुन्हा विचारलं,
आहेस का?
एक मिलिसेकंद.
आहे, म्हणाला, आणि शेडभर कुणालाच
ते कळलं नाही.