बेबिंकेची जमीन

रॉयडन मार्चमध्ये स्विंडनला गेला.
पोर्तुगीज पासपोर्ट, दोन बॅगा,
आणि विमानात नेता येईना म्हणून
आमच्या दारात ठेवलेली काचेची पेटी.
पेटीत पाल.
पिवळी, अंगावर तपकिरी थर,
म्हणून नाव बेबिंका.

शुभलता म्हणाली, भिंतीवर फुकटच्या असताना
ही विकतची कशाला?
पण ही चुकचुकत नाही, भिंत चढत नाही,
हिला पापण्या आहेत, माणसासारखी डोळे मिटून झोपते.
मितालीनं तेवढ्यावर तिला घरात घेतलं.

चुकचुकली ती माझ्या मनात.
पेटीच्या तळाशी बोटभर वाळू,
मिरामारची, पोरानं हौसेनं भरलेली.
बेबिंका रातकिड्यावर झेपावायची
आणि त्याच्याबरोबर चिमूटभर किनारा गिळायची.

चार दिवस तिनं काही खाल्लं नाही. पोट टणक.
डॉक्टर लवंदे म्हशींचे,
तरी त्यांनी तिला तळहातावर घेतलं, दिव्याकडे धरलं.
म्हणाले, वाळू साचलीय आत.
कोमट पाण्यात बसवा, रोज दहा मिनिटं.
आणि आधी ती जमीन बदला.

जमीन बदला!
फोंड्यात तेवीस वर्षं मी फरश्या बसवतो,
लोकांच्या जमिनी बदलण्यावरच घर चालतं माझं.
तरी त्या दिवशी पेटीपुढे
शिकाऊ पोरासारखा उभा.

पुरसो सुतार म्हणाला, भुसा ने पोतंभर.
हुंगून पाहिला, पाइनचा होता, नाकात झोंबला.
हिचं तर नाक कायमचं जमिनीला टेकलेलं.
काथ्याचा चुरा स्वस्त,
पण इथे जुलैत चपलांना बुरशी येते.
मग अंगणातली तांबडी माती?
मूठभर उचलली,
आणि तशीच खाली सोडली.

बाबा वेळग्याच्या खाणीवर होते.
त्यांच्या उशीचा अभ्रा कितीही धुतला
तरी पाणी तांबडंच यायचं.
त्यांच्याही छातीचा फोटो
कुणीतरी असाच दिव्याकडे धरला होता.

तात्पुरता कागद घातला, ओटा पुसायचा.
नवव्या दिवशी त्यावर तिनं घाण केली, वाळूसकट.
मिताली ओरडली, जणू दहावीचा निकाल लागला.
आम्ही तिघं वाकून बघत बसलो,
शुभलतासुद्धा, पदर नाकाला लावून.

मग मी माडीवरचे तुकडे काढले.
चकचकीत नको, पाय घसरतात.
कुर्टीच्या एका न्हाणीघरातून उरलेली
खरखरीत, राखी फरशी होती.
मापानं कापली, कडा घासून बोथट केल्या.
सिमेंट नाही, काही नाही, कोरडीच बसवली.
फट एवढीच, की रातकिड्याला लपता येऊ नये.
अर्ध्या भागाखाली, पेटीच्या बाहेरून, ऊबेची चटई.
थर्मामीटर बत्तीसवर थांबेपर्यंत
जेवायला उठलो नाही.

बेबिंका आली.
एकेका तुकड्याला जीभ लावून गेली,
सांध्यांनाही.
तेवीस वर्षांत एकाही मालकानं
माझं काम इतकं बारकाईनं तपासलेलं नाही.
मग ऊबेच्या फरशीवर पोट सपाट टाकलं
आणि पापण्या मिटल्या.

रविवारी रॉयडनचा व्हिडिओ कॉल.
मितालीनं फोन काचेला टेकवला.
तो बराच वेळ काही बोललाच नाही.
मग म्हणाला, अंकल, वाळू मीच घातली होती.
म्हटलं, जाऊ दे. तुझं सांग,
तिथे पायाखाली काय आहे?
कार्पेट, म्हणाला. सहाजण राहतो,
सहाजणांचे केस आहेत त्यात.
आणि फोन खाली वळवून दाखवला.

खोली अंधारी होती, नीट दिसत नव्हती.
पण भिंतीजवळचा कोपरा उचकटलेला होता,
तेवढा मला दिसला.
कुणी घाईत बसवलं असणार.