वायसर

आईला सांगितलं, रात्रभर कर्नल बांधत बसते,
तर तिनं विचारलं, "कामठीच्या छावणीतला का वं?"
मग म्हटलं, गाभा. यंत्राचा गाभा.
"मंग एकच असन ना. गाभे कुठी सहा असतेत?"

सहा आहेत.
एक सगळ्यांना चालणारा, बत्तीस बिटांचा, सबुरीचा.
एक त्याचाच भाऊ, जास्तीची मेमरी ओळखणारा.
एक चौसष्टचा, साधा.
एक, एका दमात आठ आकडे उचलणाऱ्या प्रोसेसरांचा,
एक सोळा उचलणाऱ्यांचा.
आणि सहावा शीलरत्न गजभियेनं हट्टानं घातलेला,
एकाच कंपनीच्या एकाच सालच्या चिपसाठी,
जी त्याच्याकडे होती.
लॅपटॉप विकून तो बंगळुरूला गेला. गाभा इथंच राहिला.
दर आवृत्तीला त्याचेही पन्नास मिनिटं जळतात
नंदनवनातल्या या तिसऱ्या मजल्यावर,
मे महिन्यात.

इंद्रायणी धकाते म्हणते, दोन ठेव,
लोक चुकीचा उचलतात आणि शिव्या आपल्याला.
पुण्याचा एकजण म्हणतो, आठ कर,
त्यानं मोजलंय, चार टक्के वेग वाढतो.
मीही मोजलं. माझ्याकडे पावणेदोन आले.
पावणेदोन टक्के म्हणजे
सीताबर्डीहून घरी येताना
एक सिग्नल हिरवा मिळणं.

पाचवा गाभा अर्ध्यात असताना कूलरचा पंप बसला.
वाळ्याच्या जाळ्या वाळल्या, खोली तापली,
यंत्रानं मला न विचारता स्वतःला बंद केलं.

सकाळी सक्करदऱ्याला, खुशाल निखाऱ्यांच्या दुकानात.
"पंपाचे किती साइज ठेवता?"
"तीन."
"कूलर तर गावात हजार तऱ्हेचे!"
"लोहार बनवते ना बाई, ज्याच्या मनाले येईन तसा.
मी काहून त्याच्या मांगं धावू? जागा पाहा माह्यी."
"आणि ज्याला तिन्ही बसत नाहीत?"
त्यांनी बिस्किटांचा जुना डबा वाजवला.
"वायसर. थोडं गळते. पण हवा तं थंडी येते."

स्कूटीवर गरम वारा तोंडावर घेत
मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.
मग मेडिकल चौकात आठवलं,
माझ्याकडे तो डबा नाही.
न कळणारी सूचना आली की प्रोसेसर गळत नाही,
थांबतो.
काळा पडदा. कारण सांगणारी ओळसुद्धा नाही.

उमरेड रोडच्या धर्मकाट्यावर देवानंद ठवरे बसतात.
त्यांचं यंत्र माझ्या दहावीच्या वेळचं,
जास्तीची मेमरी वगैरे त्याच्या गावीही नाही.
दर नव्या आवृत्तीनंतर त्यांचे दोन शब्द येतात:
"चालू आहे."
सबुरीच्या गाभ्याचे महिन्याला अकरा डाउनलोड.
त्यातले दहा बहुतेक आमच्याच तपासण्यांचे.
ट्रकवाल्याला घाई असते,
वजनाला नसते.

संध्याकाळी तीन ठेवले.
सबुरीचा, साधा चौसष्ट, आणि आठ उचलणारा.
भावाला भावात मिळवलं, थोडी मेमरी वाया जाईल कुणाची.
पुणेकराला लिहिलं, सोळाचा तू घरी बांध,
कृती सोबत देते, यंत्र तुझं चांगलंच आहे.
तो रागावला. रागावू दे.

शीलरत्नच्या फाइलच्या डोक्यावर त्याचीच ओळ होती:
काढण्याआधी मला विचारा.
विचारलं.
रात्री एकला उत्तर आलं,
"तो अजून आहे?"
मी पुसला, आणि उगाच
एकदा परत आणून पाहिला. मग खरंच पुसला.

नवा पंप बसवला, वायसरसकट.
फरशीवर थेंब पडतो, खाली वाटी ठेवलीय.
अडीच तासांत सगळं आटोपलं,
यंत्र रिकामं, रात्र अजून बरीच शिल्लक.
आई पाणी प्यायला उठली.
"झाले का तुहे कर्नल?"
"तीन."
"अन् बाकीचे? रिटायर?"
"हो."
"पेन्शन?"
वाटी भरली होती. ती ओतायला मी उठले.